लाइनीवरची टाच

रुखमाने ताटली आपटली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि त्या सकाळी आपटलेली ती तिसरी वस्तू होती.

"आता काय झालं?" डोमाजीने विचारलं.

"काई नाई झालं. तुमी बाजूले व्हा."

"मी तं बाजूलेच उभा हाव."

"या बाजूले नाई. अंगणाच्या बाजूले. जमलं तं रोडाच्या बाजूले."

डोमाजी हलला नाही. कढईत वाकून पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मोहरी तडतडाच्या आधीच कांदा टाकून राह्यली तू."

चोवीस वर्षं झाली होती लग्नाला. चोवीस वर्षं या माणसाने ताटात पडेल ते खाल्लं होतं आणि मोहरी नावाची वस्तू जगात असते हे त्याच्या गावीही नव्हतं. आता ती कधी तडतडते हे त्याला कळायला लागलं होतं. रुखमाच्या मते घराचा सत्यानाश असाच सुरू होतो.

डोमाजी गावातला धानगिरणीवाला. गाव पोंभुर्ण्यापासून नऊ किलोमीटर, मधे सगळं जंगल. गिरणीच्या खडखडाटावर बोलून बोलून त्याचा आवाज असा झाला होता, की घरात 'पाणी आण' म्हटलं की शेजारची ठमाबाई तांब्या घेऊन उठायची. एवढा आवाज वाया कशाला घालवायचा म्हणून तिशीच्या आतच त्याने कबड्डीच्या सामन्यांचा माइक धरला. कोणी शिकवलं नाही, कोणी मागे लागलं नाही. शौक. दिवाळी आटोपली की शिमग्यापर्यंत जिथे मैदान आखलं जाईल तिथे डोमाजी. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, नदी ओलांडून चामोर्शी. लोक आपली कॉमेंट्री ऐकायला येतात असं तो सांगायचा. रुखमाचं म्हणणं, लोक कबड्डी पाहायला येतात, कॉमेंट्री चुकवायची सोय नसते.

पण पद्धत त्याची एकट्याची होती. सामन्याच्या अर्धा तास आधी तो दोन्ही संघांपुढे जाऊन उकिडवा बसायचा. आधी पोरांचे पाय पाहायचा. मग एकेकाला नाव विचारायचा, मायचं माहेर विचारायचा, कामधंदा विचारायचा. आणि सामना सुरू झाला की सुटायचा.

"हा पाहा चामोर्शीचा जंगू! सहा दिवस ट्रॅक्टर चालवते अन् सातव्या दिवशी स्वतःच रिव्हर्समधी येऊन राह्यला! डाव्या पायाकडं पाहू नका मंडळी, डावा पाय खोटं बोलते! उजव्यावर ध्यान ठेवा!"

रुखमाने या शौकाला घातलेल्या शिव्या पोत्यात भरल्या असत्या तर गिरणीत जागा उरली नसती. लेकीच्या, खुशबूच्या वेळी रुखमा दवाखान्यात आणि हा मूलला सेमीफायनलमध्ये. बाळाचं वजन किती भरलं ते मूलच्या दोन हजार लोकांना आधी कळलं. खुशबू आता नागपूरला कॉलेजात होती, पण ती गोष्ट रुखमा अजून दर दोन महिन्यांनी काढायची.

आणि तीन वर्षांपूर्वी तो शौक गेला.

भांडण नाही, आजार नाही. एका गावच्या स्पर्धेत कमिटीने त्याच्या हातात पाहुण्यांची यादी दिली. सत्कारमूर्ती, देणगीदार, शाल देणारे, शाल घेणारे, साठ-पासष्ट नावं. "डोमाभाऊ, हे पह्यले वाचा, नाई तं मानसं रुसतीन." डोमाजी वाचायला लागला. तिसऱ्या पानावर होता तेव्हा मैदानात एटापल्लीकडच्या एका पोराने एका दमात पाच गडी मारले. पाच. अख्खं मैदान उठून उभं राहिलं. डोमाजीने कागदातून मान वर काढली आणि माइकवरूनच विचारलं, "काय झालं?"

लोक हसले. लोकांचं हसणं त्याला कधी लागलं नाही. पण वीस-बावीस वर्षं ज्या चढाईची वाट पाहिली ती समोर होऊन गेली आणि आपण एका शालीचं नाव वाचत होतो, हे त्याच्या आत कुठेतरी जाऊन बसलं. पुढच्या दोन स्पर्धांना गेला. घरी आल्यावर म्हणाला, "मन नाई लागलं." तिसरीला गेलाच नाही. माइक प्रफुलकडे गेला. प्रफुल म्हणजे गावातला साउंडवाला, बी.ए. झालेला, मोबाइलमध्ये शायरी भरून फिरणारा.

पहिले पंधरा दिवस रुखमाला वाटलं, बाबासाहेबांचीच कृपा. नवरा रविवारी घरी! सोळाव्या दिवशी तिला कळलं, की नवरा रविवारी घरी आहे. सोमवारी संध्याकाळीही घरीच आहे. त्याने डबे उंचीप्रमाणे लावले. कपडे वाळवायची दोरी तीनदा सोडून चार ठिकाणी बांधली. मिक्सर खोलला, तो अजून खुलाच होता. कुकरच्या शिट्ट्या मोजायचा आणि चौथी झाली की आत येऊन उभा राहायचा. हे सगळं हौसेने केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तो ते असं करायचा, जणू कोणाच्या मयतीला येऊन बसलाय आणि हाताला काम नाही.

तिने उपायही केले. टीव्हीवर कबड्डी लावून दिली, त्याने आवाज बंद करून पाहिली. पोंभुर्ण्याच्या स्पर्धेवाल्या विक्कीला चहाला बोलावलं. विक्की तास-दीड तास "काकाजी, तुमच्याबिगर मजा नाई" म्हणत बसला. डोमाजी म्हणाला, "पाहू." विक्की दरवर्षी यायचा, दरवर्षी "पाहू" घेऊन जायचा. यंदाही येत्या रविवारची स्पर्धा होती आणि विक्कीला हो-नाही कळवायचं राहिलं होतं.

"हो तरी म्हना, नाई तं नाई तरी म्हना," रुखमा ओरडली होती. "हे मधातलं काय होय?"

"मधातलंच वाटून राह्यलं," तो म्हणाला.

अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

तर त्या दिवशी जानेवारीची तीन तारीख होती. सावित्रीमाईची जयंती, म्हणून गिरणी बंद, आणि विहाराच्या मैदानात महिला मंडळाचे खेळ. शेवटी कबड्डी : गावच्या सुना विरुद्ध गावच्या लेकी. सुनांच्या संघात सहाच जणी होत होत्या. सातवीसाठी पुनम दारात आली. ही दोन वर्षांपूर्वी भद्रावतीहून सून होऊन आलेली, फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, चटपटीत.

"काकू, तुमी येता का? नुसतं उभं राह्यलं तरी चालन."

रुखमाने कढईकडे पाहिलं. कढईवर वाकलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. घरात थांबून हे पाहण्यापेक्षा मैदानात हातपाय मोडलेले बरे.

"चाल," ती म्हणाली.

मैदानात लेकी आधीच उड्या मारत होत्या. त्यांची म्होरकी नंदिनी. गडचिरोलीला पोलिसात, सुटीवर आलेली, रोज पाच किलोमीटर पळणारी. सुनांकडे अडुसष्ट वर्षांची सून ठमाबाई होती, तिने कोपरा धरला होता आणि कोपऱ्यातून कोणी हलवू नका असं बजावलं होतं.

माइकवर प्रफुल. "तो अब दिल थाम के बैठिए! आता मैदानात येऊन राह्यल्या डोमाजींच्या मिसेस! त्यांच्या मागं विहाराच्या अध्यक्षांच्या मिसेस! आणि त्यांच्या शेजारी... मिसेस!"

"याच्या मिसेसच्या नावानं कोणी चांगभलं करा रे," ठमाबाई कोपऱ्यातून म्हणाली. प्रफुलचं लग्न व्हायचं होतं.

तसं यात प्रफुलचा एकट्याचा दोष नव्हता. या गावात सुनेला नावाने कोणी हाक मारत नाही, तिच्या माहेरच्या गावाने मारतात. पुनम म्हणजे भद्रावतीवाली. रुखमा चोवीस वर्षं एटापल्लीवाली. रेशनकार्ड काढायच्या वेळी नाव आठवायचं.

पहिला डाव अर्धा झाला तेव्हा डोमाजी मैदानात आला. खेळ पाहायला नव्हे. थेट लाइनीपाशी येऊन, संघात उभ्या असलेल्या बायकोला त्याने विचारलं,

"चहापत्ती कुठी हाय?"

"तुमीच ठेवली."

"दिसून नाई राह्यली."

"उंचीनं लावले ना डबे? मंग उंचीनं शोधा."

बाया खो-खो हसल्या. तेवढ्यात पंच असलेल्या खेळाच्या सरांनी शिट्टी मारली, आणि पुनमने रुखमाला ढकललं. "काकू, तुमचा नंबर!"

रुखमाने आयुष्यात चढाई केली नव्हती. पण तीन वर्षांचा राग अंगात साठलेला होता आणि समोर सात बाया मिळाल्या होत्या. पदर खोचला, "कबड्डी कबड्डी" म्हणत ती शिरली. डोळ्यांपुढे नंदिनीचे हात, कानात स्वतःचा दम, आणि त्यावर लाउडस्पीकर : "...यांचं मंडळाच्या वतीनं शब्दसुमनांनी स्वागत! तसंच आपल्यात उपस्थित असलेले माननीय..." रुखमाने एकीच्या दंडाला हात लावला, वळता वळता दुसरीच्या पाठीवर थाप मारली आणि लाइनीत येऊन पडली. दोन! तिला वाटलं आता टाळ्या पडतील. खुर्चीतले माननीय उठून नमस्कार करत होते, आणि लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

"अबे प्रफुल्याऽऽ!"

हा आवाज लाउडस्पीकरमधून आला नव्हता, तरी लाउडस्पीकर गप्प झाला.

"यादी ठेव खाली! दोन बाया मारल्या तिनं! दोन! तुह्या पाठीमांगं!"

डोमाजी चहापत्ती विसरून लाइनीवर उभा होता. मान लाल झाली होती.

"काकाजी, पाहुणे बसले हायेत," प्रफुल माइकवरूनच म्हणाला.

"पाहुणे कुठी पळून जाऊन राह्यले? खुर्चीत हायेत ना? चढाई पळून जाते बे! गेली तं गेली, मंग मांगून काय वाचशीन?"

प्रफुललाही राग होताच. तो तरातरा आला आणि माइक डोमाजीच्या हातात खुपसला. "घ्या मंग. तुमीच करा."

डोमाजीने माइककडे असं पाहिलं, जणू कोणी त्याच्या हातात दुसऱ्याचं पोर दिलंय. रुखमा दम खात पाहत होती. टाकतो आता खाली, तिला वाटलं. टाकेल आणि जाईल घरी डबे उपसायला.

तेवढ्यात पुनम चढाईला निघाली, आणि माइक आपोआप तोंडाशी गेला.

"अन् ही आली, ही आली मंडळी, भद्रावतीवाली! पाय पाहा, पाय! टाच टेकून नाई राह्यली! दोन पावलं आत, एक बाह्यर, लेकींच्या डोळ्याले डोळा... अवो पन हिचं नाव... नाव काय वो तुह्यं, पोरी?"

"पुनम!" पुनम म्हणाली.

सरांची शिट्टी वाजली.

चढाईत 'कबड्डी' सोडून दुसरा शब्द तोंडातून निघाला की दम तुटला. दम तुटला की बाद. हे डोमाजीला कळत नव्हतं असं नाही, त्याने शेकडो पोरं अशी बाद झालेली ओरडून ओरडून सांगितली होती. पण आजवर त्याला चढाईच्या मधेच कोणाचं नाव विचारायची पाळी आली नव्हती.

नंदिनी पोट धरून जमिनीवर बसली.

"बोलली काऊन तू?" बाया पुनमवर तुटून पडल्या.

"मंग काय करू?" पुनम रडकुंडीला आली. "गावाचे सासरे लागतात ते! मोठ्या मानसानं विचारलं तं उत्तर द्या लागते ना!"

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "बाद."

रुखमा ताडताड लाइनीपाशी गेली. डोमाजी माइक खाली करायचं विसरला होता, म्हणून पुढचं संभाषण सगळ्या गावाने ऐकलं.

"काय हो, साऱ्या तालुक्यातल्या पोट्ट्यांच्या मायचं माह्येर पाठ हाय तुम्हाले. गावातल्या सात बायांची नावं नाई?"

"मी कुठी विचारलं कवा..."

"आता विचारलं ना! बरी येळ साधली!"

"चुकलं वो."

"चुकलं तं जित्ती करा तिले!"

"ते नाई होत," डोमाजी म्हणाला. "ते नियमात नाई." आणि मग त्याने सरांना हात केला, पुनमसाठी नव्हे, कॉमेंट्रीसाठी, आणि रुखमाला हेच सगळ्यात जास्त झोंबलं. "सर, पाच मिन्टं द्या."

माइक बगलेत धरून तो सुनांच्या घोळक्यापुढे उकिडवा बसला. आधी पाय पाहिले. मग एकेकीकडे बोट.

"तू?"

"मंगली. माह्येर मूलकडलं. धानाच्या रोवण्यात मले कोनी मांगं नाई टाकलं आजवर."

"म्हून तू मांगं सरते तं नजर नाई वळवत. बरोबर. तू वो?"

"मी नाई सांगत," ठमाबाई म्हणाली. "मले ओळखत नसशीन तं मर तिकडं."

रुखमापाशी आल्यावर तो जरा थांबला. "तुह्यं नाव माहीत हाय मले."

"मेहेरबानी," रुखमा म्हणाली.

दुसरा डाव सुरू झाला आणि विहाराच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं खाली उतरून लाइनीला आली. "मंगली मांगं सरून राह्यली, रोवण्याची चाल हाय मंडळी, चिखल नाई तरी चिखलात चालल्यावानी! नंदिनी, पोलिसात असशीन, इथी वॉरंट चालत नाई! अन् कोपरा पाहा, कोपरा! ठमाबाईनं कोपरा सातबाऱ्यावर चढवला हाय!" माननीयांपैकी एक खुर्ची सोडून लाइनीवर येऊन बसले. चढाईवर असलेल्या बाईला मात्र डोमाजीने एकही प्रश्न विचारला नाही.

एकोणीस-एकोणीस झाले. शेवटची चढाई. नंबर रुखमाचा.

ती शिरली. लेकींनी साखळी धरली. रुखमाने डावीकडे हूल दिली, नंदिनी पुढे झेपावली, तिच्या खांद्याला हात लागला, लागला म्हणजे लागला, आणि रुखमा कडेकडेने पळत लाइनीकडे सुटली. सुना नाचायला लागल्या. सरांच्या तोंडात शिट्टी होती, वाजली नव्हती. ते दुसऱ्या बाजूला होते.

"टाच!" लाउडस्पीकर गरजला. "टाच लागली! डावी टाच, कडच्या लाइनीवर! चुना उडाला, मी पाह्यला!"

सरांनी लाइनीकडे पाहिलं. माइककडे पाहिलं. शिट्टी वाजली. रुखमा बाद. सुना एका गुणाने हरल्या.

"घरचाच वैरी निघाला वो बाई," ठमाबाई कोपऱ्यातून बाहेर येत म्हणाली.

रुखमा संध्याकाळभर बोलली नाही. गरज नव्हती, डोमाजी दोघांपुरतं बोलत होता. पुनमचे पाय, मंगलीची पाठ, नंदिनीने साखळी कुठे सैल सोडली, सरांनी कुठे उभं राहायला हवं होतं. जेवताना बोलला, आचवताना बोलला. भाजीत मीठ कमी होतं, तिने मुद्दाम कमी टाकलं होतं. त्याला कळलंही नाही.

"पन तुही हूल चांगली होती," शेवटी तो म्हणाला. "टाच नसती लागली तं..."

"नाई लागली टाच!"

"लागली वो. मी कायले खोटं बोलू?"

"बायकोले हरवाले!"

सकाळी उजाडताच ती विहाराच्या मैदानात गेली. लाइन पाहायची होती. चुना विस्कटला असेल तर तो म्हणतो ते खरं, नसेल तर त्याला चार लोकांत कबूल करायला लावायचं. मागून चपलांचा आवाज आला. डोमाजी.

मैदानात कोणाच्या तरी शेळ्या रात्रभर बसल्या होत्या. लाइनच नव्हती. ना टाच, ना चुना, नुसत्या लेंड्या.

"पुसलं गेलं," डोमाजी म्हणाला. त्याला खरंच हळहळ वाटली होती.

"तुम्हाले बरं झालं."

"माह्यं काय बरं? मले तं दाखवाचं होतं तुले."

रुखमाने इकडेतिकडे पाहिलं. पायरीखाली कालचा चुन्याचा डबा पडला होता. तिने तो उचलला आणि होती तिथे, तिच्या मते होती तिथे, लाइन मारत निघाली.

"इकडं नाई, एक वीत आत होती," डोमाजी म्हणाला.

"माहीत हाय."

"मंग मार ना आत."

त्याचा फोन वाजला. विक्की. डोमाजीने फोन कानाला लावला, नजर लाइनीवरच.

"हो गा. हो. येतो रविवारी... येतो म्हटलं ना! पन यादीगिदी मी वाचनार नाई, ते प्रफुलले सांग, त्याले आवडते. अन् पोट्टे अर्धा तास आधी बसवून ठेव माह्यापुढं, सारे. पोरींचा सामना ठेवला असन तं पोरीबी. सगळ्यायची नावं आधी लागतीन मले, मंग नाई... काय? मोठ्यानं बोल. नाई नाई, आता नाई, मंग कर फोन. इथी चढाई बाकी हाय."

"कोनाची चढाई?" विक्कीचा आवाज रुखमापर्यंत ऐकू आला.

"ठेवा तो फोन," रुखमा म्हणाली. तिने डबा टाकला, पदर खोचला. "अन् नंदिनीच्या जाग्यावर उभे व्हा. तिथी नाई. अजून मांगं. ती पुढं झुकली होती, झुका ना!"

डोमाजी झुकला, दोन्ही हात पसरून, गुडघे वाकवून, एक डोळा तिच्या डाव्या टाचेवर. रस्त्याने दूध घेऊन चाललेला माणूस सायकल थांबवून पाहत राहिला.

"हं," डोमाजी म्हणाला. "ये."

रुखमाने दम भरला.